तिसरा ठोका

बाई, आधी हे सांगून टाकते की आज मी ठोका पडायची वाट न बघता लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर ओला फडका घेऊन आला असतात आणि माझं लिहिलेलं पुसून टाकलं असतंत. पण ही पाटी नाही, कागद आहे, आणि मी आता तुमच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी झाले आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमचे केस काळेभोर होते. माझे पांढरे होऊन वर विरळही झाले. नातवंडं मला घाबरतात, सुना मनातल्या मनात बोटं मोडतात, आणि तरी तुमच्याशी बोलायचं म्हटल्यावर माझी पाठ आपोआप ताठ झाली आहे आणि डावा हात मांडीवर गेला आहे. या वयात कोणी बघितलं तर हसेल.

अकोटची ती मुलींची शाळा तुम्हाला मी काय सांगणार. पण मला ती आठवायची आहे, म्हणून सांगते. जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून आपला चौथीचा वर्ग. हंगाम सुरू झाला की खिडकीतून कापसाचे बारीक तंतू आत यायचे आणि पाट्यांवर, वेण्यांवर, तुमच्या खांद्यावर बसायचे. तुम्ही गणित, भाषा, भूगोल सगळं शिकवायचात आणि वर शिवणही. शिवणासाठी तुमच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान असायचं, सुई टोचू नये म्हणून घालायचं ते टोपण. शिवणाचा तास संपला तरी तुम्ही ते काढायचा नाहीत. दिवसभर ते बोटात. टेबलावर तुम्ही त्याचा ठोका द्यायचात आणि वर्ग त्या ठोक्यावर चालायचा. पहिला ठोका पडला की हात मांडीवर ठेवून डोळे मिटायचे आणि गणित मनात सोडवायचं. दुसरा पडला की लिहायचं. तिसरा पडला की पेन्सिल खाली, मग आकडा अर्धा राहिला तरी चालेल. "आधी डोक्यात, मंग पाटीवर," असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही अचलपूरच्या, माहेरची बोली तुमच्या तोंडात पक्की बसलेली, पुस्तकी भाषा फक्त धडा वाचतानाच.

एकदा मी दुसऱ्या ठोक्याआधीच उत्तर लिहिलं. मला येत होतं, मग थांबायचं कशाला? तुम्ही ओला फडका घेऊन आलात आणि पाटी पुसली. मी रडवेली होऊन म्हटलं, उत्तर बरोबर होतं. तुम्ही म्हणालात, "उत्तर बरोबर होतं. चुकली तू." आणि पुढच्या मुलीकडे गेलात. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला होता की घरी जेवले नाही. त्यानंतर मात्र मी कधी घाई केली नाही. दिवाळीनंतर केव्हातरी तुम्ही मला पुढे बोलावलंत, बोटातलं अंगुस्तान काढून माझ्या बोटात घातलंत आणि सगळ्यांच्या पाट्या तपासायला लावल्यात. ते मला फारच सैल होत होतं, म्हणून मी मूठ आवळून धरली होती. ते गरम होतं, बाई. तुमच्या बोटाची ऊब त्यात होती. पुढे पगार झाला, दागिने झाले, पण त्या दिवशी पाट्यांच्या ओळीतून चालताना मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही.

चौथीची केंद्र परीक्षा म्हणजे आमच्या घरी काय होतं ते तुम्हाला माहीत होतं, कारण माझी ताई तुमच्याच शाळेतली. ती तुमच्या आधीच्या मास्तरणींच्या हाताखाली शिकली. आसपासच्या सगळ्या शाळांची मुलं एका केंद्रात बसायची, सगळ्यांना एकच छापील प्रश्नपत्रिका, पेपर तपासणारे परगावचे. ताईला घाई नडली आणि ती नापास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर खुंटीवरून उतरलं आणि तिची पाटी माझ्या वाट्याला आली. वडील वकिलाकडे कारकून होते, स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांचा निवाडा एकदा झाला की झाला. मला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "केंद्राची पास झाली त अमरावतीले मावशीकडे धाडतो पुढं शिकाले. नाही त ताईसारखी घरी." ताई तेव्हा चुलीपाशी बसलेली असायची. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला हे मी बघितलं. त्या हाताची मला फार भीती वाटायची.

दरवर्षी फाल्गुनात तुम्ही वर्गाला एक नवीन गोष्ट शिकवायचात असं वरच्या मुली सांगायच्या. केंद्रात तुम्हाला आत येता यायचं नाही, म्हणून परीक्षेच्या आधी तुम्ही हळूहळू ठोका बंद करायचात आणि मुलींना तो मनात वाजवायला शिकवायचात. आधी टेबलावर हळू, मग हवेत नुसतं बोट, मग बोटही नाही. मुली आपापला ठोका आपणच द्यायला लागायच्या आणि पास व्हायच्या. आमच्या वर्षी तुम्ही माघातच गेलात. आधी पायांवर सूज आली, मग हातांवर, आणि एक दिवस तुम्ही शाळेत आला नाहीत. आमचं शिकणं नेमकं तिथे तुटलं. ठोक्याशिवाय हात हलत नव्हता, आणि मनातला ठोका आम्हाला कोणी शिकवलेला नव्हता.

तुमच्या जागी अकोल्याहून नव्या बाई आल्या. बिचाऱ्या तरुण होत्या, गोड बोलायच्या. त्या गणित घालायच्या, आम्ही डोळे मिटायचो आणि तशाच बसून राहायचो. "लिहा ना गं," असं त्या म्हणायच्या. आम्ही लिहायचो, पण डोक्यातलं सगळं तोवर सांडलेलं असायचं. कोणीतरी त्यांना तुमची रीत सांगितली, तेव्हा त्यांनी फूटपट्टीनं ठोका देऊन बघितला. आमच्यातल्या एक-दोघी उलट रडायलाच लागल्या. शाळेत सराव परीक्षा झाली तिचा निकाल इतका वाईट होता की मोठ्या बाईंनी तो वर्गात वाचलाच नाही. माझी पाटी वडिलांनी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि ताईकडे बघून परत ठेवली. आईनं त्याच संध्याकाळी मला पीठ मळायला बसवलं. मला कळायचं ते कळलं.

चैत्रात परीक्षा झाली. नाल्यापलीकडच्या मुलांच्या शाळेत केंद्र होतं. सकाळीच उन्हाचा चटका बसत होता. लांब पट्ट्यांवर आम्ही दौत आणि टाक घेऊन बसलो. माझ्या शेजारी अत्ताराची मुलगी होती, तुमची आवडती, जिचे टाके तुम्ही सगळ्या वर्गाला दाखवायचात. तिच्या कपड्यांना कायम खसच्या अत्तराचा वास यायचा. गणिताची प्रश्नपत्रिका वाटली, घंटा झाली, आणि बाकीच्या शाळांच्या मुलांचे टाक कुरकुरायला लागले. आम्ही घंटेलाच पहिला ठोका समजून डोळे मिटून बसलो. मी मनात म्हणत होते, उचल, टाक उचल, ताईची पाटी आठव. हात मांडीवर दगडासारखा पडून होता. गणितं मला येत होती. सगळी येत होती. पर्यवेक्षक मास्तर आमच्या रांगेत येऊन उभे राहिले, त्यांच्या धोतराचा वारा लागला. त्यांनी विचारलं की बरं वाटत नाही का. कोणी डोळे उघडले नाहीत.

मग ठोका पडला.

तो कसा होता हे मी तुम्हाला काय सांगू. पितळ लाकडावर वाजतं तसा, कोरडा, एकच. पुढच्या टेबलाकडून आला. मी डोळे उघडले तेव्हा टेबलावर पाण्याचा गडवा होता, कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, आणि टेबलाजवळ कोणी नव्हतं. आमच्या रांगेतल्या सगळ्या मुलींचे टाक एकदम दौतीत बुडाले. मी लिहीत सुटले. शेवटचं गणित झालं तेव्हा दुसरीकडे मुलं अजून खाडाखोड करत होती, घंटा व्हायची होती. तेवढ्यात पुन्हा ठोका पडला आणि आम्ही सगळ्यांनी टाक खाली ठेवले. आम्हाला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही, हे आज सगळ्यात विचित्र वाटतं. बाहेर आल्यावर अत्ताराची मुलगी फक्त म्हणाली, "आज बाईनं लय वेळ लावला." आणि आम्ही चिंचा खात घरी गेलो.

पर्यवेक्षकांनी मात्र ते लिहून वर कळवलं. सगळा वर्ग एकदम सुरू होतो आणि एकदम थांबतो म्हणजे कोणीतरी खूण करत असणार, बाहेरून उत्तरं आली असणार. आमचा निकाल राखून ठेवला. बाजारात बभ्रा झाला, वडिलांना वकिलाच्या ओट्यावरच कळलं. घरी येऊन ते ओरडले नाहीत. खुंटीवरून माझं दप्तर काढून आत नेऊन ठेवलं, एवढंच. मी नक्कल केली नाही असं शपथेवर सांगितलं, पण खूण कोणी केली या प्रश्नाला माझ्याकडे जे उत्तर होतं ते मी त्यांना देऊ शकले नाही. ताईनं मात्र मला विहिरीपाशी गाठून हळूच विचारलं, "खरंच ऐकू आलं तुले?" मी हो म्हटलं. तिनं बादली वर ओढून काठावर ठेवली. मग म्हणाली, "माह्या वक्ताले काहून नाही आलं मंग?" ती तुमच्या वर्गात नव्हती, एवढंच असेल.

थोड्या दिवसांनी शाळातपासनीस आले, ज्यांना सगळं गाव डिपोटी साहेब म्हणायचं. नागपूरकडचे, उंच, काळा कोट घातलेले. वऱ्हाड तेव्हा नागपूरच्याच राज्यात होतं, त्यामुळे असे साहेब आले की मोठ्या बाईंची तारांबळ उडायची. त्यांनी नवी प्रश्नपत्रिका आणली होती आणि आमची पांगापांग केली. काही मुली पुढच्या ओसरीवर, काही मागच्या चिंचेखाली, आम्ही काही जणी कोपऱ्यातल्या सामानाच्या खोलीत. एका घोळक्याला दुसरा दिसणार नाही अशी व्यवस्था. ओसरीवर नव्या बाई, चिंचेखाली शिपाई, आणि आमच्या खोलीत साहेब स्वतः, मोठ्या बाईंना शेजारी बसवून. दार लावून घेतलं. खोलीत मोडक्या फळ्याचा आणि उंदरांचा वास होता. साहेब म्हणाले, करा सुरू. आम्ही प्रश्न वाचले आणि डोळे मिटले.

कोटाच्या खिशातून घड्याळ काढल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यांनी मलाच विचारलं, कारण मी पुढे होते. "का थांबलात?"

मी डोळे न उघडताच म्हटलं, "बाईनं ठोका नाही देल्ला अजून."

"कोणत्या बाईंनी?"

"आमच्या."

मोठ्या बाई अगदी हळू आवाजात त्यांना सांगत होत्या की त्या बाई माघात वारल्या, अंगुस्तान वाजवायची त्यांची रीत होती, पोरींना सवय लागली, साहेबांनी मनावर घेऊ नये. त्या बोलत असतानाच ठोका पडला. मी डोळे उघडले आणि पहिल्यांदा साहेबांचा चेहरा बघितला. त्यांचा हात टेबलावर होता. त्यांनी आधी त्या हाताकडे बघितलं, मग मोठ्या बाईंच्या हातांकडे, आणि मग आपला हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला, आम्ही ठेवायचो तसा. मी लिहायला लागले. चिंचेखालच्या मुलींनी त्याच वेळी टाक बुडवले हे शिपायानं नंतर साऱ्या गावाला सांगितलं. त्याला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं. झाडावरचे कावळे तेवढे उडाले, म्हणाला.

पेपर झाला आणि आम्ही टाक धरून बसलो. तिसरा ठोका पडेना. साहेब म्हणाले, ठेवा आता. आम्हाला ठेवता येईना. ते उठले आणि एकेकीच्या बोटांतून टाक सोडवून घेतला. वैशाखाच्या तोंडावरचं ऊन, खोलीत हवा नाही, आणि त्यांची बोटं गार पडली होती. माझ्यापाशी आल्यावर ते खाली वाकून म्हणाले, "उत्तरं तुला कोणी सांगितली?" मी म्हटलं, कोणीच नाही. ठोका पडला मग मी केली. त्यांनी माझा पेपर तिथेच उभ्यानं वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि "बरं" म्हणाले. मोठ्या बाईंनी चहा मागवला होता. तो न घेताच ते टांग्यात बसले. आमचा सगळा वर्ग पास झाला.

निकाल लागला त्या दिवशी वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला सांगत होते की यात कोणीतरी वाह्यातपणा केला असणार, ते अंगुस्तान बाईंच्या भावानं कोणाला तरी दिलं असणार. आई भाकरी थापत होती. तुम्हाला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायकांत ती होती. ती थापायची थांबली नाही. "ते कोनाले देनार? त्याईच्या बोटातच होतं. हात सुजले होते. साबन लावला, तेल लावलं, निघालंच नाही. तसंच गेलं त्याईच्या संगं." वडील आत गेले आणि माझं दप्तर आणून खुंटीवर अडकवलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली. ताई माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू अगदी खरं होतं, म्हणून मला रडू आलं.

मी अमरावतीला गेले. मावशीकडे राहून शिकले, शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, तिथल्याच एका शाळेत चौथीचा वर्ग घेतला. मुलींना मी कधी ठोक्यावर चालवलं नाही, टेबलावर खडूसुद्धा आपटला नाही. बाकी सगळं तुमचंच शिकवलं. लोकांना वाटायचं की मी त्या वर्षी घाबरले असेन. खरं म्हणजे मी चिडले होते. आपण पास झालो की बाईंनी आपल्याला पास केलं, हा प्रश्न मला अमरावतीत फार दिवस छळायचा. पहिला नंबर आला तरी मनात यायचं की हे माझं नाही. मग मी स्वतः शिकवायला लागले आणि एका परीक्षेत माझी एक हुशार पोर घाईघाईत सोपी बेरीज चुकली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही आम्हाला एकही आकडा सांगितला नव्हता. फक्त केव्हा लिहायचं ते सांगितलं होतं. आलात त्या तेवढ्याच कामासाठी आलात. त्या दिवशी शाळेतून घरी येताना मी रस्त्यात रडले आणि तुमच्यावरचा राग संपला.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या सामानाच्या खोलीत तिसरा ठोका पडला नव्हता. तेव्हापासून लिहून झालं तरी पेन माझ्या हातातून आपण होऊन सुटत नाही. कॉलेजात पेपर संपला की पेन कोणीतरी काढून घ्यायचं. यजमान थट्टा करायचे, सही झाली आता, सोड बिचाऱ्याला. मी हसायची. आपल्या वर्गातल्या बाकीच्या मुलींचंही असंच होतं का, हे मी कोणाला विचारलं नाही.

मग अत्ताराच्या मुलीचं कळलं. ती लग्न होऊन अकोल्याला गेली होती, शिवणकामावर सगळं घर उभं केलं तिनं. आम्ही वर्षा-दोन वर्षांनी भेटायचो, तुमच्याबद्दल फारसं बोलायचो नाही. ती वारल्यावर मी तिच्या मुलीला भेटायला गेले. मुलीनं मला पाणी दिलं आणि सांगू की नको असं करत सांगितलं. सकाळच्या उन्हात अम्मी कुर्त्याला बटणं लावत बसली होती, तब्येत ठणठणीत. एकदम तिनं मान वर केली आणि मराठीत म्हणाली, "हो बाई, ठेवली." सुई खाली ठेवली आणि भिंतीला टेकली, ती तशीच गेली. मुलगी म्हणाली, "मावशी, आमच्या घरी त कोनी बाई नाही. अम्मी कोनाशी बोलली?" मी तिला सांगितलं की आम्हाला शाळेत एक बाई होत्या, फार चांगल्या. एवढंच सांगितलं. परतीच्या एस्टीत माझे हात मांडीवर होते आणि मी ते अमरावती येईपर्यंत हलवले नाहीत.

म्हणून हे पत्र, बाई. कुठे टाकणार ते मला माहीत नाही. अचलपूरला तुमच्या भावाचं घर होतं, तिथे आता दुसरे कोणी राहतात. टपालात जाणार नाही, सुनेच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवीन. तुम्हाला वाचायचं असेल तर माझ्या मागे येऊन उभं राहून वाचाल, तुमची तीच तर रीत होती. वाचताना घाई करू नका. कुठे चुकलं असेल तर पुसा, मी रुसणार नाही. आणि त्या दिवशीसारखं एकदा, अगदी थोडा वेळ, ते अंगुस्तान माझ्या बोटात घाला. आता सैल होणार नाही, सांधे सुजलेत माझे.

आणि एक. पहिल्या ओळीत मी जे लिहिलं ते खरं नाही. जेवणं झाली, घरातले सगळे बाहेर गेले, मी टेबलाशी कागद घेऊन बसले आणि डोळे मिटले. बराच वेळ बसले. ठोका पडला तेव्हाच पेन उचललं. आता सगळं लिहून झालं आहे, आणि पेन अजून माझ्या हातात आहे.